थोडा नॅरो करा, सर

आमच्या दिग्रसच्या घराच्या फाटकावर एक पितळी पाटी आहे. तिच्यावर 'बाबुलाल आडे' असं कोरलेलं आहे आणि नावाच्या डाव्या बाजूला दोन बोटं जागा मोकळी आहे. ती कोरणाऱ्याची चूक नाही. मी स्वतः त्याच्यासमोर उभं राहून, पितळेवर दोन बोटं ठेवून सांगितलं होतं, एवढी जागा सोड, 'डॉ.' मागाहून येणार आहे. त्यानं विचारलं, "मागाहून म्हंजे कवा?" मी म्हणालो, "दोन-तीन वर्षं लागतील." तो म्हणाला, "मंग पाटी दोन-तीन वर्षांनीच कोरू ना सर." संशोधनाबद्दल मला मिळालेला पहिला शहाणा सल्ला तोच. पण पितळ ठोकणाऱ्याचा सल्ला इंग्रजीचा मास्तर थोडाच ऐकतो!

त्या पाटीचं मूळ वर्षाच्या लग्नपत्रिकेत आहे. वर्षा माझी एकुलती एक मुलगी. तिच्या सासऱ्यांचं नाव पत्रिकेत 'प्राचार्य डॉ. धनसिंग पवार' असं एक अख्खी ओळ भरून आलं. माझं आलं 'श्री. बाबुलाल आडे'. निम्मी ओळ उघडीच. प्रेसवाल्याला ते बरं दिसेना, म्हणून त्यानं आपल्या मनानं मागं 'सर' जोडलं आणि तरी जागा उरली म्हणून दोन्ही बाजूंना एकेक फूल छापलं. व्याह्यांना पदव्या आणि मला झेंडू! पत्रिका पाहून शीला, म्हणजे आमच्या सौ., म्हणाली, "फुलं मस्त दिसून राह्यली." त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हणजे भात घेतला नाही. आणि ठरवलं, पीएचडी करायची.

त्याच लग्नात आणखी एक गोष्ट घडली. ती इतक्यात सांगायची माझी हिंमत नाही. येईल ओघात.

पीएचडीची प्रवेश परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झालो, हे नम्रपणे नमूद करतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी, मे महिन्यात, पंखा नसलेल्या खोलीत, पुढच्या बाकावर माझ्याच दोन माजी विद्यार्थिनी बसलेल्या असताना. त्यातली एक मागं वळून म्हणाली, "सर, तुमची ड्यूटी या हॉलला आहे का?" मी नुसती मान हलवली. ती कशीही समजून घेता येईल अशी हलवली.

मार्गदर्शकांच्या यादीत जागा एकाकडंच शिल्लक होती. डॉ. संघदीप मनवर, यवतमाळ. नाव ओळखीचं वाटलं. वाटणारच. अकरावी-बारावीला हा माझ्याच वर्गात खिडकीपाशी बसायचा आणि मी त्याच्या वह्या तपासायचो. नशीब म्हणतात ते हेच. पहिल्या भेटीला मी त्याच्या केबिनच्या दारात गेलो तर तो ताडकन उठला.

"या सर, बसा सर."

"नाही सर, आधी तुम्ही बसा सर."

"असं कसं सर? तुम्ही माझे सर."

"आता तुम्ही माझे सर, सर."

शिपाई पाण्याचे दोन ग्लास घेऊन मधेच उभा होता. कोणत्या सरांना आधी द्यायचं ते त्याला कळेना. शेवटी दोन्ही ग्लास टेबलावर ठेवून तो निघून गेला.

मी पिशवीतून विषय काढला. 'इंग्रजी कादंबरीतील माणूस.' संघदीपनं तो दोनदा वाचला. मुलगा सालस. हसला नाही.

"सर, कोणता माणूस?"

"सगळेच."

"किती वर्षांतला?"

"पहिल्यापासून."

त्यानं पेनाचं टोपण लावलं आणि अतिशय आदरानं म्हणाला, "थोडा नॅरो करा, सर."

हे वाक्य मी पुढच्या अडीच वर्षांत किती वेळा ऐकलं याची गणती नाही. दिग्रस ते यवतमाळ एसटीनं जायचं, विषय दाखवायचा, तो थोडा कापून घ्यायचा आणि दारव्ह्याच्या थांब्यावर भजी खात परत यायचं. 'इंग्रजी कादंबरीतील माणूस'चा झाला 'खेड्यातला माणूस'. मग 'खेड्यातला माणूस आणि हवामान'. मग माणूस गेला आणि नुसतं हवामान राहिलं. हवामानातून ऊन गेलं, वारा गेला. उरलं धुकं. 'इंग्रजी कादंबरीतील धुक्याचे स्थान.' संघदीप म्हणाला, "आता काहीतरी आकार येतोय, सर." धुक्याला आकार आला म्हणून मी दारव्ह्याला दोन प्लेट भजी खाल्ली.

शेजारी विठ्ठलराव राहतात. तीस एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर, आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून माझ्या शिक्षणाची चौकशी करणं हा जोडधंदा. त्यांना विषय सांगितला तर त्यांचा चेहराच उतरला.

"धुकं? कायले सर? धुकं पडलं का तुरीचा फुलोरा गळते. गेल्या साली माह्या चार एकराचा खराटा झाला. अन् तुम्ही त्याच्यावर डॉक्टर व्हाले निघाले?"

"विठ्ठलराव, हे इंग्लंडचं धुकं आहे."

"तिकडं तूर नाही का?"

"नाही."

"मंग त्याईले काय फरक पडते? अभ्यास इकडच्या धुक्याचा करा ना, बाप्पा. काई फवारणी तरी निघंल."

मी घरात निघून गेलो. पण आठ महिने धुकं वाचल्यावर माझ्या ध्यानात आलं की त्या कादंबऱ्यांमध्ये धुकं पडतं तेव्हा खरोखरच कोणाचं काही गळत नाही. माणसं कोट घालून फिरतात. संघदीप म्हणाला, "सर, धुकं हातात येत नाही हो. एखादी ठोस वस्तू घ्या. अजून थोडं नॅरो." धुक्यातून पावसात आलो आणि पावसातून छत्रीत. 'इंग्रजी कादंबरीतील छत्री.' बंद केली तर काखेत मावेल एवढा विषय.

आता नोंदवलेला विषय बदलायचा म्हणजे अर्ज आला. सहा प्रती, मार्गदर्शकाची सही, आमच्या प्राचार्यांचं ना-हरकत पत्र आणि 'विषय बदलण्याचे कारण' असा एक रकाना. मी लिहिलं, 'धुके हाती लागत नाही.' विद्यापीठाच्या संशोधन विभागातल्या बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं.

"हे कारण चालत नाही."

"पण हेच खरं कारण आहे."

"खरं असंल सर, पण चालत नाही. 'अपरिहार्य शैक्षणिक कारणास्तव' लिहा. अन् ध्यानात ठेवा, विषय दोनदाच बदलता येते. हा एक झाला. दुसरा बदलला का मंग तोच फायनल. तो बी नाही जमला तर नोंदणी रद्द."

मी म्हणालो, "दुसरी वेळ यायचीच नाही." बाबूंनी शिक्का मारला. अनुभवी माणूस.

छत्रीवर मी सात महिने घालवले. शीलानं तर पावसाळ्यात घरातली छत्री वापरायची चोरी झाली असं शेजारीपाजारी सांगून टाकलं. एकशे बारा छत्र्यांची यादी केली, कोणाच्या हातात, कोणत्या पानावर, उघडी की मिटलेली. आणि मार्च महिन्यात विद्यापीठाचं पत्र आलं की दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठात छत्री आधीच झालेली आहे. एका बाईंनी केलेली. त्यांना दोनशे छत्र्या सापडल्या होत्या. पंधरा जूनच्या आत नवा विषय द्यावा, अन्यथा नोंदणी रद्द समजावी.

पत्र घेऊन मी फाटकातून आत आलो तेव्हा विठ्ठलराव पाटी पुसत होते. आपण होऊन. पंच्यानं. "लय धूळ बसते सर, या मोकळ्या जागेवर," ते म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण लागायचं ते लागलंच.

दुसऱ्या दिवशी संघदीपच्या केबिनमध्ये मी मान खाली घालून बसलो. त्यानं चहा मागवला. मग म्हणाला, "सर, राग येणार नसेल तर एक विचारू? तुमच्या घरी कोणती भाषा बोलतात?"

"मी आणि शीला मराठी. याडीसोबत गोरबोली." याडी म्हणजे आई. आमची बंजाऱ्यांची बोली. बापजादे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे, त्याला लदेणी म्हणत; त्या फिरण्यात ही बोली सोबत राहिली.

"मग त्यातलं काही नाही सुचलं?"

"अहो, डिग्री इंग्रजीची आहे!"

"भाषांतर इंग्रजीत करायचं सर, अभ्यास इंग्रजीत लिहायचा. नियमात बसतं." मग त्यानं चहाचा कप माझ्याकडं सरकवला. "अकरावीत तुम्ही 'माझं गाव' असा निबंध दिला होता. मी त्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्या लिहिल्या होत्या, माझ्या मोडक्या इंग्रजीत. तुम्ही लाल पेनानं खाली लिहिलं होतं, 'विषय सोडून लिहिले आहे.'"

मला आठवेना. पण अक्षर माझंच असणार, यात शंका नाही.

"माझी पीएचडी त्याच ओव्यांवर झाली, सर. चिडून सांगत नाही. पण तुमच्याकडे ढावलो आहे ना? नवरी निघते तेव्हा बाया गळ्यात पडून म्हणतात तो? तुमच्या आई म्हणत असतील."

आता ती गोष्ट सांगावीच लागेल.

आमच्यात मुलगी सासरी निघाली की घरातली म्हातारी बाई तिच्या गळ्यात दोन्ही हात टाकते आणि रडते. नुसतं नाही रडत, चालीत रडते. तोच ढावलो. अंगण, गाय, आजा, आजी, बाप, भाऊ, एकेकाचं नाव घेऊन त्या वेळी जे तोंडात येईल ते. माझी आई मानीबाई हिचं आमच्या तांड्यात त्यासाठी नाव होतं. आजूबाजूच्या चार तांड्यांतून तिला बोलावणं यायचं. वर्षाचं लग्न मात्र आम्ही यवतमाळला लॉनवर केलं. पाठवणीच्या वेळी व्याही, त्यांचे कॉलेजवाले, आमचे प्राचार्य, सगळे खुर्च्या टाकून समोर. स्पीकरवर पाठवणीचं गाणं लावायचं ठरलं होतं. आणि तेवढ्यात याडी पुढं आली, काचा लावलेला जुना फेटिया, म्हणजे आमचा घागरा, घालून, आणि नातीच्या गळ्यात पडून मोठ्यानं सुरू झाली. लोक वळून पाहू लागले. एकानं मोबाईल काढला. मला घाम फुटला. मी गेलो, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "याडी, बस. इथं नको."

ती थांबली. ओळीच्या मधेच. डोळे पुसले, पदर नीट केला आणि बाजूला झाली. मग स्पीकर लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती तांड्यावर गेली, माझा भाऊ रामसिंगकडं. तेव्हापासून दिग्रसच्या घरी राहायला आली नाही. विचारलं की म्हणते, "पायऱ्या चढवत नाही बापा." आमच्या घराला दोन पायऱ्या आहेत. मी तेवढ्यावर समाधान मानलं, कारण ते सोयीचं होतं.

हे सगळं मी संघदीपला सांगितलं. चहावर साय आली. तो हलक्या आवाजात म्हणाला, "विचारून तर पहा, सर. विषय लिहू, 'एका तांड्यातील एका बाईचा ढावलो.' याहून नॅरो काय असतं?"

तांडा दिग्रसपासून नऊ किलोमीटर. मी लाडू घेतले, मोबाईल फुल चार्ज केला आणि रविवारी गेलो. याडी अंगणात तुरीच्या काड्यांचा झाडू बांधत होती. आमचं बोलणं गोरबोलीत झालं, इथं सर्वांच्या सोयीसाठी मराठीत लिहितो.

"याडी, तुझा ढावलो पाहिजे."

"कोण चाललं?"

"कोणी नाही. मला लिहून घ्यायचा आहे. परीक्षेसाठी."

तिनं झाडू खाली ठेवला. "कोणी चाललं नाही तर रडू कायले? रिकाम्या अंगणात ढावलो म्हणत नाहीत. अपशकून होते. अन् गळा कोणाचा धरू? ह्या मोबाईलचा?"

मी म्हणालो, नुसते शब्द सांग. ती म्हणाली, "शब्द काय वेगळे ठेवलेले असतात का, कणगीत? गळ्यात पडलं का येतात."

आता मार्ग एकच. लग्न गाठायचं. एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडं लग्नांचा सुकाळ, म्हणून मी यादी केली आणि ओळखदेख नसलेल्या तांड्यांवरच्या लग्नांना जाऊ लागलो. पहिल्या लग्नात पाठवणीच्या वेळी डीजे इतका मोठा होता की नवरीची आजी रडते आहे की नाचते आहे, ते कळायला मार्ग नव्हता. तिथं मला मुलाकडचे समजून मुलीकडच्यांनी जेवू घातलं आणि मुलीकडचे समजून मुलाकडच्यांनी. दुसऱ्या लग्नात नशीब उघडलंसं वाटलं. बिजलीबाई नावाची एक म्हातारी खरोखर गळ्यात पडली आणि सुरू झाली. मी मोबाईल पुढं केला. तिनं एका डोळ्यानं पाहिलं, चालीत जराही खंड न पाडता माझ्याकडं बोट केलं आणि ढावलोतच घातलं, की पोरी, तू चालली अन् हा कोण मेला यंत्र घेऊन उभा आहे गं, याची माय याला घरी काहून ठेवत नाही गं. सगळा मांडव माझ्याकडं पाहून हसला. रेकॉर्डिंग स्पष्ट आलं आहे. प्रबंधात वापरता येण्यासारखं नाही.

तिसऱ्या लग्नात मी शहाणपणानं पाण्याच्या टाकीमागं उभा राहिलो. मोबाईल चालू, श्वास रोखलेला. तर मागून आवाज आला, "आडे सर, तुम्ही इथं?" प्राचार्य डॉ. धनसिंग पवार. आमचे व्याही. नवरदेव त्यांच्या भाच्यांपैकी. मी काय सांगणार? खरं ते सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "एक विचारायचं राहूनच गेलं. वर्षाच्या पाठवणीला तुमच्या आईंनी मधेच काहून थांबवलं हो? माझी याडी खुर्ची ओढून अगदी जवळ जाऊन बसली होती ऐकाले. मरेपर्यंत म्हणत होती, काय गळा होता त्या बाईचा, पण अर्ध्यावर का थांबली कोण जाणे."

ज्या माणसासमोर लाज वाटली म्हणून मी आईला गप्प केलं, त्याची आई ऐकायला खुर्ची ओढून बसली होती. मी टाकीचा नळ उघडून तोंड धुतलं. दुसरं काय करणार?

घरी आल्यावर शीलाला सांगितलं. तिला माझी दया आली असावी. म्हणाली, "मीच निघते ना. तांड्यावर जाऊ, मी बॅग घेऊन माहेरी चालली असं करू. सासूबाई माह्या गळ्यात पडतील." आम्ही खरोखर गेलो. बॅग सुद्धा नेली. याडीनं सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "सून माहेरी चालली का ढावलो नसते. भांडण असते. ते पाहिजे का लिहून?" रामसिंग हसून हसून खाटेवरून खाली आला. शीलापण हसली. मी एकटाच गंभीर होतो, कारण जून पाच दिवसांवर आला होता.

मेच्या शेवटी वर्षा नागपूरहून चार दिवसांसाठी आली. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हाच तो गळा! याच पोरीचा ढावलो अर्धा राहिला आहे, तोच पुरा करून घेऊ. तिला काही न सांगता तांड्यावर नेलं. आजी-नातीच्या गळाभेटी झाल्या, वांग्याची भाजी झाली, भाकरी झाली. मग मी खाकरलो आणि मोबाईल काढून ठेवला.

"याडी, वर्षा उद्या परत चालली."

याडी माझ्याकडं बघत राहिली. तिला सगळं कळलं.

"हिचा ढावलो झाला," ती म्हणाली. "एका पोरीचा एकदाच असते. ती आता घरची नाही, पाहुणी आहे. पाहुणीले भाकर देतात."

"पण तो पुरा झाला नव्हता."

"हो ना? कोणामुळं?"

चूल धुमसत होती. वर्षा आजीच्या गुडघ्याला टेकून बसली होती. ती म्हणाली, "बाबा, जेवढा झाला तेवढा मला पाठ आहे. साडेतीन ओळी."

"साडेतीन?"

"चौथी तुम्ही होऊ दिली नाही." तिनं हे रागावून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. "गाडीत बसल्यापासून नागपूरपर्यंत मी त्याच म्हणत होते. विसरू नये म्हणून."

आणि तिनं म्हटल्या. आजीच्या चालीत, हळू. मराठीत त्याचा अर्थ असा:

ज्या अंगणात तू रांगली, ते अंगण आता पाहुण्याचं गं.
आजा तुझा लदेणीचा बैल, ओझं वाहून वाटेत बसला गं.
आजी तुझी मोहाचं झाड, फुलं टाकून मोकळी झाली गं.
आणि बाप तुझा...

वर्षा थांबली. तिथंच थांबायचं होतं.

मी याडीकडं पाहिलं. आजा बैल, आजी मोहाचं झाड. तिसरा मी होतो. तिच्या तोंडात माझं नाव आलं होतं आणि त्याच क्षणी माझा हात तिच्या खांद्यावर पडला होता. "याडी, पुढं काय होतं?"

"पुढं तूच होता. तूच येऊन उभा राह्यला."

"पण काय म्हणणार होतीस? बाप तुझा काय?"

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "ते मले तरी कुठं माहीत? म्हणल्यावर कळते. मीबी ऐकालेच लागली होती, माह्या पोराचं काय निघते ते. तेवढ्यात बंद झालं."

"अंदाजानं सांग ना, याडी."

"अंदाजानं भाकर थापतात. हे नाही."

आणि मग तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मी न मागता. मला रडू आलं. मोबाईल चालूच होता, त्यामुळं ते रेकॉर्ड झालं आहे. ढावलोची एकही ओळ मला मिळाली नाही याडीच्या आवाजात, पण माझ्या नाक ओढण्याची पावणेदोन मिनिटं आहेत.

परत आल्यावर विठ्ठलरावांनी अंदाज बांधायला सुरुवात केली. ओट्यावर बसून रोज एक. "बाप तुहा बांधावरची बाभूळ, असं असंल सर. नाही त बाप तुहा शाळेची घंटा." मी ऐकून घेतो. शीला म्हणाली, "चांगलंच असंल काहीतरी. आई आहे ना ती." त्यानं तर मला जास्तच लागलं. चांगलं होतं तर मी ते थांबवलं. वाईट होतं तर ते खरं होतं. दोन्हीकडून मीच सापडतो.

चौदा जूनला मी विद्यापीठात अर्ज दिला. सहा प्रती. विषय बदलण्याचं कारण 'अपरिहार्य शैक्षणिक'. बाबूंनी शिक्का मारला आणि म्हणाले, "फायनल ना?" मी हो म्हणालो. याडीला निरोप पाठवला होता, तुझ्या नातीच्या ओळी विद्यापीठात चालल्या. तिनं उलट निरोप पाठवला की जाऊ दे, पण त्या रडून म्हणायच्या असतात हे तिथल्या लोकांना सांग.

समितीसमोर माझी मुलाखत जुलैत झाली. संघदीप माझ्या शेजारी बसला होता, माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला. समितीच्या अध्यक्ष बाई बाहेरगावच्या होत्या. त्यांनी आराखडा उलगडला, साडेतीन ओळी आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर वाचलं. विषय इतका आटोपशीर आहे याबद्दल त्यांनी आनंद व्यक्त केला. मग त्यांचं बोट चौथ्या ओळीवर येऊन थांबलं.

"आडे सर, ही शेवटची ओळ अर्धीच आहे. टायपिंगची चूक दिसते. दुरुस्त करून द्याल का?"

संघदीपनं माझ्याकडं पाहिलं. मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती.

"टायपिंगची नाही, मॅडम," मी म्हणालो. "चूक माझी आहे. ती दुरुस्त होत नाही."